सरकारी खर्च, कर आणि कर्ज: वाद घालण्याआधी छेद ठरवा

महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांना मी परीक्षक म्हणून जातो. मार्च उजाडला की विषय ठरलेले असतात: राज्य कर्जबाजारी झालंय का, रोख रकमेच्या योजना हव्यात की नकोत, मध्यमवर्गावर कराचा बोजा जास्त आहे का. मुलं पोटतिडकीने बोलतात. पण पाचव्या मिनिटाला कळतं की एकजण केंद्राच्या तिजोरीबद्दल बोलतोय आणि दुसरा राज्याच्या. एकाचा आकडा अंदाजाचा असतो, दुसऱ्याचा प्रत्यक्ष खर्चाचा. खोटं कुणीच बोलत नसतं, तरी वाद पुढे सरकत नाही. घरच्या जेवणावळीत आणि सोसायटीच्या गच्चीवरही हेच होतं.

चूक बहुतेक वेळा मताची नसते, क्रमाची असते. आधी मत ठरतं, मग त्याला शोभेल असा आकडा शोधला जातो. खाली उलटा क्रम दिला आहे. उदाहरणं २०२५-२६च्या केंद्र आणि महाराष्ट्र अर्थसंकल्पांतली आहेत. तुम्ही नव्या वर्षाचे कागद घेतले तरी पद्धत हीच राहील.

तयारी: हाताशी काय हवं

तीन कागद पुरतात. पहिला, त्या सरकारचा 'अर्थसंकल्प थोडक्यात' सांगणारा गोषवारा. केंद्राचा आणि राज्याचा, दोन्ही अर्थ खात्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. दुसरा, आर्थिक पाहणी अहवाल. तिसरा, कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या घटनात्मक संस्थेचा, राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा अहवाल. हा शेवटचा कुणी उघडत नाही, आणि वादात सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो, कारण ठरवलेलं आणि झालेलं यांतलं अंतर तिथे दिसतं.

अर्थमंत्र्यांचं भाषण ऐका, पण त्यातला आकडा थेट उचलू नका. भाषणातली 'तरतूद' कधी एका वर्षाची असते, कधी पाच वर्षांची.

एक वही घ्या. प्रत्येक आकड्यापुढे चार रकाने आखा: कुणाचा, कोणत्या वर्षाचा, कोणत्या प्रकारचा, कशाच्या तुलनेत. एकही रकाना रिकामा असेल तर तो आकडा वादात वापरायचा नाही.

टप्पा १: तिजोरी ठरवा

'सरकारने पैसे दिले' या वाक्यातलं सरकार कोणतं? केंद्र, राज्य, महापालिका की जिल्हा परिषद? दारूवरचा उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा मूल्यवर्धित कर, वाहन कर आणि पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर ही राज्याची मिळकत. प्राप्तिकर, कंपनी कर आणि सीमा शुल्क केंद्राचे. जीएसटी दोघांचा. घरपट्टी स्थानिक संस्थेची.

व्यवसाय कराचं उदाहरण मी मुद्दाम देतो. महाराष्ट्रात तो १९७५ साली रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी लावला गेला. राज्यघटनेने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. पगाराच्या चिठ्ठीत दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ते हेच. हा कर वाढवा किंवा रद्द करा म्हणायचं असेल तर दिल्लीकडे बोट दाखवून उपयोग नाही.

तिजोरी ठरवताना नेहमीची गफलत केंद्रपुरस्कृत योजनांत होते. तिथे दोन्ही सरकारं पैसा घालतात आणि दोन्ही फलकावर आपलं नाव लावतात. रक्कम सांगताना ती एकाच्या वाट्याची आहे की दोघांची मिळून, हे तपासा. नाहीतर तोच रुपया दोनदा मोजला जातो.

टप्पा २: आकड्याची जात ओळखा

एकाच वर्षाच्या एकाच खर्चाचे तीन आकडे असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडतात तो अर्थसंकल्पीय अंदाज. पुढच्या वर्षी येतो तो सुधारित अंदाज. त्यानंतर हिशेब पूर्ण झाल्यावर मिळतो तो प्रत्यक्ष आकडा. यंदाचा अंदाज आणि गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष शेजारी ठेवून 'तरतूद इतके टक्के वाढली' म्हणणं ही स्पर्धांत मी सर्वाधिक पाहिलेली चूक आहे.

अंतर किती पडू शकतं ते बघा. २०२०-२१ साठी केंद्राने निर्गुंतवणुकीतून, म्हणजे सरकारी कंपन्यांतले हिस्से विकून, २ लाख १० हजार कोटी रुपये मिळतील असं धरलं होतं. हाती त्याच्या पावपटही आले नाहीत. त्याच वर्षी राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात काढायची एकूण उसनवारी, देशाच्या स्थूल उत्पन्नाच्या (जीडीपीच्या) ३.५ टक्के धरली होती आणि प्रत्यक्षात ९.२ टक्के झाली. त्यात करोना होता हे खरंच, पण शांत वर्षांतही अंदाज आणि प्रत्यक्ष सहसा जुळत नाहीत.

राज्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती पुरवणी मागण्यांची, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जास्तीच्या खर्चाची. जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महाराष्ट्र सरकारने सुमारे ५७,५०० कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या. म्हणजे मार्चमध्ये मांडलेलं चित्र चार महिन्यांत बदललं. आता विरोधकाची घाईसुद्धा पाहा. ५७,५०० कोटी हा सगळा नवा बोजा नव्हता. निव्वळ भार सुमारे ४०,६०० कोटींचा होता. बाकी रक्कम जमा-खर्चाच्या समायोजनाची किंवा केंद्राकडून येणाऱ्या पैशाची असते. 'मागणी' आणि 'निव्वळ भार' हे दोन शब्द वेगळे ठेवा.

*तपासा:* तुलनेतले दोन्ही आकडे एकाच जातीचे आहेत ना? नसतील तर तुलना सोडून द्या, कितीही मोहक असली तरी.

टप्पा ३: छेद ठरवा

इथे घाई करू नका, अख्खा वाद इथे जिंकला किंवा हरला जातो.

शाळेत अपूर्णांक शिकताना अंश आणि छेद होते. सरकारी आकड्यांत सगळे अंशावर भांडतात आणि छेद कुणी सांगतच नाही. केंद्राच्या २०२५-२६च्या व्याजखर्चाचंच उदाहरण घ्या. अंदाज १२.७६ लाख कोटी रुपयांचा. हा खर्च किती मोठा? तीन वक्ते तीन उत्तरं देतील.

पहिला म्हणेल, रुपयातले २० पैसे. 'रुपया कसा जातो' या वर्तमानपत्रातल्या गोल चित्रात तसं छापलेलं असतं. दुसरा म्हणेल, एकूण खर्चाच्या २५ टक्के, कारण खर्च ५०.६५ लाख कोटींचा आहे. तिसरा म्हणेल, महसुली उत्पन्नाच्या ३७ टक्के, कारण महसुली जमा ३४.२० लाख कोटी आहे.

तिघंही बरोबर आहेत. गोल चित्रातला रुपया मोठा असतो, कारण राज्यांना वाटून दिला जाणारा १४.२२ लाख कोटींचा करहिस्सासुद्धा त्यात धरलेला असतो. दुसऱ्याच्या छेदात तो हिस्सा नाही, पण उसनवारीतून होणारा खर्च आहे. तिसऱ्याच्या छेदात फक्त स्वतःची कमाई आहे. 'व्याजाचं ओझं पेलवतं का?' असा प्रश्न असेल तर मला तिसरा छेद योग्य वाटतो. कमावत्या माणसाचा हप्ता आपण त्याच्या पगाराशी ताडून बघतो, पगार आणि नवीन कर्ज यांच्या बेरजेशी नाही.

संरक्षणाच्या खर्चाचंही असंच होतं. गोल चित्रात ८ पैसे दिसतात आणि बातमीत ६.८१ लाख कोटी, म्हणजे एकूण खर्चाच्या तेरा टक्क्यांहून जास्त. चित्रात सैनिकांचं निवृत्तिवेतन वेगळ्या फाकीत जातं, बातमीतल्या आकड्यात ते धरलेलं असतं.

छेद निवडण्यासाठी ही रीत वापरा:

१. पेलवण्याचा प्रश्न असेल तर छेद महसुली जमा.
२. प्राधान्याचा प्रश्न असेल, म्हणजे शिक्षणाला जास्त की रस्त्यांना, तर छेद एकूण खर्च.
३. दोन राज्यांची किंवा दोन काळांची तुलना असेल तर छेद स्थूल उत्पन्न.
४. लोकांना समजावून सांगायचं असेल तर छेद लोकसंख्या, पण त्यासोबत दरडोई उत्पन्नही सांगायचं.

चौथ्या रीतीत लोक फार फसतात. महाराष्ट्रावर २०२५-२६ अखेर सुमारे ९.३२ लाख कोटींचं कर्ज असेल असा अंदाज होता. २०११च्या जनगणनेतली ११.२४ कोटी लोकसंख्या धरली तर माणशी ८३ हजार रुपये होतात. आजची ढोबळ १३ कोटी धरली तर ७२ हजारांच्या आत येतात. 'जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर इतकं कर्ज' म्हणून टाळ्या मिळतात. पण त्याच राज्याचं दरडोई उत्पन्न २०२४-२५ च्या अंदाजानुसार तीन लाख नऊ हजारांच्या घरात होतं, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य अर्धवट राहतं.

तिसऱ्या रीतीने मोजलं तर महाराष्ट्राचं कर्ज स्थूल राज्य उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत होतं, आणि पंजाबचं ४० टक्क्यांच्या वर आहे. एवढ्यावर 'आपलं सगळं आलबेल' म्हणून थांबू नका. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन बाबींतच राज्याच्या महसुली जमेतले निम्म्याहून जास्त पैसे संपतात. दोन छेद, दोन चित्रं, दोन्ही खरी. प्रामाणिक वक्त्याने दोन्ही मांडावीत.

*सावधान:* लाख कोटी आणि हजार कोटी यांत शंभरपटीचा फरक आहे. इंग्रजी बातमीतला एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. मोठी रक्कम समजत नसेल तर देशाच्या १४० कोटी लोकांत वाटा: एक लाख कोटी म्हणजे माणशी सुमारे ७१४ रुपये.

टप्पा ४: तूट आणि कर्ज वेगळे काढा

तूट म्हणजे यंदा काढलेली उसनवारी. कर्ज म्हणजे सातबाऱ्यावर आजवर चढलेला एकूण बोजा. 'तूट कमी झाली म्हणजे कर्ज कमी झालं' हे वाक्य चूक आहे. तूट कमी झाली तरी बोजा वाढतोच, फक्त वेग कमी होतो.

तुटीतही दोन प्रकार आहेत, आणि ते मिसळले की सगळा युक्तिवाद बिघडतो. महाराष्ट्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी धरला होता. फरक ४५,८९१ कोटींचा, ही महसुली तूट. राजकोषीय तूट मात्र १,३६,२३५ कोटी. पहिली तूट म्हणजे रोजच्या खर्चासाठी काढलेलं ऋण, ऋण काढून सण. दुसरीत रस्ते, धरणं, मेट्रो यांच्यासाठी काढलेलं कर्जही येतं. विहिरीसाठी काढलेलं कर्ज आणि बारशासाठी काढलेलं कर्ज यांतला फरक आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही.

पण हा फरक फार ताणूही नका. शिक्षकाचा पगार, आरोग्य केंद्रातली औषधं, लसीकरण हे सगळं महसुली खर्चातच येतं. तो उधळपट्टी ठरत नाही. उलट, पाणी कधीच न आलेला कालवा कागदावर भांडवली, म्हणजे मालमत्ता उभारण्याचा, खर्चच असतो. केंद्राच्या अर्थसंकल्पात भांडवली खर्च ११.२१ लाख कोटी होता, आणि राज्यांना मालमत्ता उभारण्यासाठी दिलेली अनुदानं धरली की तो १५.४८ लाख कोटी होतो. कोणता आकडा वापरताय ते बोलून दाखवा.

आता कर्जाकडे. इथे तीन चुका ठरलेल्या आहेत.

पहिली, 'देश परकीयांचा कर्जदार झाला'. भारताचं एकूण बाह्य कर्ज सातशे अब्ज डॉलरच्या वर आहे, पण त्यात खासगी कंपन्यांची आणि बँकांची देणी मोठी आहेत. केंद्र सरकारचं कर्ज बहुतांश रुपयांत आणि देशातलंच आहे. बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी आणि रिझर्व्ह बँक हे त्याचे धनको. तुमची मुदत ठेव आणि आयुर्विम्याचा हप्ता यांतला काही भाग सरकारी रोख्यांत गेलेला असतो.

दुसरी, फक्त कागदावर दिसणारं कर्ज मोजणं. सरकार महामंडळांच्या आणि साखर कारखान्यांच्या कर्जाला थकहमी देतं. ती आज कर्जात दिसत नाही, पण कर्जदाराने हात वर केले की सरकारवर येते. केंद्रातही अन्न महामंडळाला अन्न अनुदानाऐवजी बरीच वर्षं अल्पबचत निधीतून कर्ज दिलं जात होतं. २०२०-२१ मध्ये ते हिशेबात आणलं आणि अन्न अनुदानाचा आकडा १.१६ लाख कोटींवरून सुधारित अंदाजात ४.२३ लाख कोटींवर गेला. त्यात करोनाकाळातलं मोफत धान्यही होतं, पण झाकलेलं देणं उघड झालं हेही मोठं कारण होतं. म्हणून त्या वर्षाची आधीच्या वर्षांशी सरळ तुलना करणाऱ्याला लगेच थांबवा.

तिसरी चूक 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण सगळीकडे लावण्याची. राज्य सरकारला ती बरीचशी लागू पडते. राज्य रुपया छापू शकत नाही, केंद्राचं देणं शिल्लक असेल तर घटनेच्या कलम २९३ प्रमाणे कर्जाला केंद्राची संमती लागते, आणि राजकोषीय तूट राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या साधारण तीन टक्क्यांच्या मर्यादेत ठेवावी लागते. केंद्राचं तसं नाही. त्याला कर्ज एका पिढीत फेडून मोकळं व्हायचं नसतं. जुने रोखे फिटतात, नवे निघतात. अर्थव्यवस्था व्याजदरापेक्षा वेगाने वाढत असेल आणि व्याज सोडून उरणारी तूट आटोक्यात असेल तर कर्जाचं उत्पन्नाशी प्रमाण घटू शकतं. म्हणून केंद्रानेही आता लक्ष्य रुपयांत न ठेवता प्रमाणात ठेवलं आहे: मार्च २०३१ पर्यंत कर्ज स्थूल उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आसपास आणायचं. २०२५-२६ साठी ते ५६.१ टक्के धरलं होतं.

*तपासा:* 'अमक्याच्या काळात कर्ज दुप्पट झालं' असं बोलणार असाल तर त्याच काळात उत्पन्न किती पट झालं, हे वहीत लिहिलंय का?

टप्पा ५: कराची बाजू

'कर फक्त मूठभर लोक भरतात' हे प्राप्तिकराबद्दल बऱ्याच अंशी खरं आहे. करांबद्दल मात्र नाही. साबणाची वडी घेणारा मजूर जीएसटी भरतो, एसटीतून जाणारा डिझेलवरचा कर तिकिटातून भरतो. वाद कोणत्या कराचा आहे ते आधी ठरवा.

'महाराष्ट्र एवढा कर देतो आणि परत किती मिळतो' हा आपल्याकडचा लाडका मुद्दा. देशातल्या प्रत्यक्ष कर वसुलीत महाराष्ट्राचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त असतो आणि केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या हिश्श्यातून आपल्याला ६.३१७ टक्के दिले. दोन्ही आकडे खरे. पण कंपनी कर मुख्यालयाच्या ठिकाणी जमा होतो. मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी ओडिशात पोलाद बनवते आणि बिहारमध्ये विमा विकते, त्या नफ्याचा करही 'महाराष्ट्राचा' म्हणून नोंदला जातो. हे आधीच मान्य करा. त्यानंतर मूळ करावर वरून लावलेल्या उपकर आणि अधिभारांचा मुद्दा घ्या: त्यांतला पैसा केंद्राला राज्यांत वाटावा लागत नाही. तक्रार करायचीच असेल तर माझ्या मते भक्कम जागा ही आहे.

'कर कमी केला की वसुली वाढते' यावरही थांबा. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांसाठी मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांचा पर्याय आला. वसुली २०१८-१९ मधल्या ६.६३ लाख कोटींवरून २०१९-२० मध्ये ५.५७ लाख कोटींवर घसरली, आणि २०२३-२४ मध्ये ९.११ लाख कोटींवर गेली. एक बाजू पहिलं वर्ष दाखवते, दुसरी शेवटचं. मधे करोना होता, महागाई होती, नफे वाढले होते. फक्त दोन टोकं जोडून कारण सिद्ध होत नाही.

टप्पा ६: वाढवा म्हणालात तर पैसा सांगा, कापा म्हणालात तर जागा सांगा

लाडकी बहीण योजनेचा हिशेब करून बघू. महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. २०२५-२६ ची तरतूद ३६,००० कोटी. भागाकार केला तर पूर्ण वर्षासाठी दोन कोटी महिलांना पुरेल इतकी. एकूण ७ लाख कोटींच्या खर्चात ती पाच टक्क्यांच्या थोडी वर.

आता निवडणुकीतल्या आश्वासनाप्रमाणे २,१०० रुपये करा म्हणायचं तर महिना ६०० जास्त, दोन कोटी महिला, बारा महिने: १४,४०० कोटींचा वाढीव खर्च. बाकी काही बदललं नाही तर महसुली तूट ४५,८९१ वरून ६०,२९१ कोटींवर जाते. मागणी करणाऱ्याने कोणता कर वाढवायचा किंवा कोणता खर्च थांबवायचा हे सांगावं. योजना बंद करा म्हणणाऱ्यानेही सांगावं की ज्या बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पैसे आले, तिचं काय. हा प्रश्न भावनेचा म्हणून बाजूला सारू नका. खर्चाच्या वादात तोही हिशेबाचाच भाग आहे.

'भ्रष्टाचार थांबवला की पैसा येईल' हे उत्तर मी ग्राह्य धरत नाही. ते कुठल्याही प्रश्नाला देता येतं आणि त्यात रक्कम नसते.

टप्पा ७: प्रत्यक्ष बोलताना

पहिल्या मिनिटात तिजोरी, वर्ष आणि छेद मोठ्याने सांगा. समोरच्याचा आकडा खोटा म्हणण्याआधी त्याचा छेद विचारा. दहातल्या सहा-सात भांडणांत तिथेच उलगडा होतो. एका भाषणात तीनपेक्षा जास्त आकडे नकोत, ऐकणाऱ्याला चौथा लक्षात राहत नाही. जे मान्य आहे ते आधी मान्य करा. घरात वडीलधाऱ्यांशी बोलत असाल तर 'काका, तुमचा आकडा चूक' म्हणण्यापेक्षा 'काका, हा केंद्राचा की राज्याचा?' असं विचारलं तर बोलणं पुढे जातं.

वाद संपल्यावर वही फेकू नका. पुढच्या वर्षी सुधारित अंदाज आला की त्याच पानावर शेजारच्या रकान्यात लिहा, आणि प्रत्यक्ष आकडा आला की त्याच्याही शेजारी. तुमचा मुद्दा त्या आकड्यावर उभा असेल आणि आकडा हलला असेल, तर ज्याच्याशी वाद झाला त्याला ते कळवा.